अपंगांचें साहाय्य आणि आपली नजर

महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यांत नागपुरांतील कोणत्याहि बँकेच्या शाखेपुढें सकाळीं एक रांग दिसते. तींत कुबडीवर भार देऊन उभा असलेला एखादा तरुण असतो, भावाच्या खांद्यावर हात ठेवून आलेली एखादी दृष्टिहीन स्त्री असते, आणि वाढत्या वयाच्या मतिमंद मुलाचा हात घट्ट धरून बसलेली एखादी माउली असते. "निराधारचे आले का?" हा एकच प्रश्न सर्वांच्या ओठांवर असतो. त्याच वेळीं मुदतठेवीचें व्याज पाहण्यासाठीं आलेले एखादे सद्गृहस्थ शेजाऱ्याच्या कानाशीं लागून म्हणतात, "सरकार पैसा वाटत सुटलें आहे. यांतले खरे किती आणि सोंगाडे किती, देव जाणे!"

हा उद्गार दुष्टपणाचा नव्हे. तो काढणारा गृहस्थ प्रामाणिकपणें कर भरणारा, शेजाऱ्याच्या अडीअडचणीस धावणारा असाच बहुधा असतो. परंतु अशा हजारों उद्गारांतूनच लोकमत बनतें, लोकमत पाहूनच मंत्रिमंडळें तिजोरीचें तोंड उघडतात किंवा आवळतात, आणि त्या आवळण्याचा पहिला फांस ज्याचा आवाज सर्वांत क्षीण त्याच्या गळ्यास बसतो. म्हणून हें साहाय्य म्हणजे नेमकें काय, तें कोणास व कसें मिळतें, आणि त्याविषयीं समाजाच्या मनांत इतका संशय कां, हें शांतपणें समजून घेणें अगत्याचें आहे.

आरंभ राज्यघटनेपासून केला पाहिजे. घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदांत बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या प्रसंगीं नागरिकांस सार्वजनिक साहाय्य मिळावें, यासाठीं राज्यानें आपल्या आर्थिक शक्तीच्या मर्यादेंत परिणामकारक तरतूद करावी असें सांगितलें आहे. हें मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याच्या आधारें कोणास थेट न्यायालयांत पैसे मागतां येत नाहींत. तथापि साहाय्य हें राज्याचें कर्तव्य आहे, धनिकाची कृपा नव्हे, एवढें त्यानें निश्चित केलें. दुसरी गोष्ट अशी कीं, घटनेच्या सातव्या परिशिष्टांत अपंग व काम करण्यास असमर्थ अशा व्यक्तींस साहाय्य देणें हा विषय राज्यांच्या यादींत नवव्या क्रमांकावर घातला आहे. यामुळेंच एका राज्यांत एक रक्कम तर शेजारच्या राज्यांत दुसरी, असा प्रकार दिसतो. आंध्र प्रदेशानें जुलै २०२४ पासून अपंगांचें मासिक वेतन ३,००० रुपयांवरून ६,००० रुपये केलें. त्याच महिन्यांत महाराष्ट्रांतील अपंगाच्या हातीं १,५०० रुपये पडत होते.

महाराष्ट्रांतील मुख्य योजना ती संजय गांधी निराधार अनुदान योजना. ती १९८० सालीं सुरू झाली. अपंग, निराधार विधवा, अनाथ मुलें, दुर्धर रोगानें पीडलेले, अशा ६५ वर्षांखालील निराश्रितांस तिचा लाभ मिळतो. अपंगत्व निदान शेंकडा ४० असावें लागतें. इतर निराधारांस कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये ठेवलेली होती व अपंगांस ती ५०,००० रुपये ठेवण्यांत आली. ५०,००० म्हणजे महिना ४,१६७ रुपये. एवढ्यांत सबंध कुटुंब चालवणाऱ्या घरालाच दारांतून आंत घ्यावयाचें, असा हा दंडक आहे. याखेरीज केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतन योजना २००९ सालीं सुरू झाली. ती दारिद्र्यरेषेखालील व शेंकडा ८० वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांसाठीं आहे. तींत केंद्राचा वांटा महिना ३०० रुपये, म्हणजे दिवसाला १० रुपये, आणि त्यावर राज्य आपली भर घालतें.

आतां हें साहाय्य "वाटलें" जातें कीं मिळवावें लागतें, तें पाहूं. प्रथम अपंगत्वाचें प्रमाणपत्र हवें. नागपूरकर ज्यांस नुसतें "मेडिकल" आणि "मेयो" म्हणतात त्या दोन मोठ्या शासकीय रुग्णालयांत तपासणीसाठीं लोक येतात. डॉक्टर शेंकडेवारी ठरवतात. १ जून २०२१ पासून हें प्रमाणपत्र केंद्राच्या संगणकीय व्यवस्थेतूनच द्यावें असा नियम झाला, आणि त्याबरोबर एक ओळखपत्र मिळूं लागलें. ४० च्या खालीं पांढरी पट्टी, ४० ते ८० पिवळी, ८० व त्यापुढें निळी. त्यानंतर उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, आधारपत्र व बँकेचें खातें यांची जुळणी करून अर्ज तहसील कार्यालयांत जातो. रामटेक किंवा भिवापूरकडील एखाद्या पांगळ्या माणसास या प्रत्येक पायरीसाठीं नागपुरास किंवा तालुक्यास यावें लागलें, तर त्याच्या सोबत येणाऱ्या भावाची त्या दिवसाची मजुरी बुडते. प्रमाणपत्र तयार नाहीं म्हणून परत जावें लागलें, तर दुसऱ्या दिवसाचीहि बुडते. सोंग आणण्यासाठीं एवढे सायास करणारा मनुष्य असूं शकेल. परंतु इतके सायास न झेपल्यामुळें हक्क सोडून घरीं बसलेले किती असतील, हा प्रश्न रांगेंतील सद्गृहस्थाच्या मनांत सहसा येत नाहीं, कारण घरीं बसलेला मनुष्य रांगेंत दिसत नाहीं.

रकमेचा हिशेब त्याहूनहि बोलका आहे. २०१९ सालीं मासिक अनुदान १,००० रुपये झालें, जुलै २०२३ मध्यें तें १,५०० झालें. १,५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. जून २०२५ मध्यें माजी आमदार बच्चू कडू यांनीं तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरी येथें अन्नत्याग केला. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबरच अपंगांस महिना ६,००० रुपये मिळावे ही त्यांची मागणी होती. सप्टेंबर २०२५ मध्यें मंत्रिमंडळानें अपंगांसाठीं १,००० रुपयांची वाढ मान्य केली व ऑक्टोबरपासून ही रक्कम २,५०० ठरली. म्हणजे आतां दिवसाला सुमारें ८३ रुपये. ही वाढ स्वागतार्ह आहे यांत शंका नाहीं. परंतु धडधाकट मनुष्य जेथें पायीं किंवा बसनें जातो तेथें अपंगास ऑटो करावा लागतो. अंथरुणास खिळलेल्या मुलास कपडे, औषधें, राखणीस माणूस लागतें, आणि तें माणूस बहुधा आईच असल्यामुळें तिची कमाई थांबते. अपंगत्व उत्पन्न कमी करतें आणि त्याच वेळीं खर्च वाढवतें. हा दुहेरी भार ध्यानांत घेऊनच २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें २४ व्या कलमांत असें सांगितलें कीं, अपंगांस मिळणारें साहाय्य इतरांच्या तशाच योजनांपेक्षां निदान शेंकडा २५ नें अधिक असावें. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आला. तरीहि २०२३ ते २०२५ या काळांत याच योजनेंतील निराधार विधवेस आणि अपंगास एकच १,५०० रुपये मिळत होते. आणि जुलै २०२४ पासून तेवढीच रक्कम अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील स्त्रियांस "लाडकी बहीण" योजनेंत मिळूं लागली होती. तुलना बहिणींचा हेवा करण्यासाठीं नव्हे; कायद्याचें अक्षर आणि तिजोरीचा व्यवहार यांतील अंतर दिसावें, एवढ्यासाठींच आहे.

येथें कपात या शब्दाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. एक कपात उघड असते: कालपर्यंत मिळणारी रक्कम आज कमी केली, असें सरकार जाहीर करतें, वर्तमानपत्रांत मथळे येतात, मोर्चे निघतात. दुसरी कपात मूक असते. रक्कम तीच राहते, मात्र बाजारांत डाळ, तेल व औषधें महागत जातात. केंद्राचे ते ३०० रुपये २०१२ पासून ३०० च आहेत. तेव्हांपासून ग्राहकांच्या वस्तूंचा भाव जवळजवळ दुप्पट झाला. म्हणजे कोणाहि मंत्र्यानें एक शब्द न उच्चारतां, विधिमंडळांत एकहि मत न पडतां, ते ३०० रुपये दीडशांच्या मोलाचे झाले. नोकरदारास महागाई भत्ता मिळतो, म्हणून ही कपात त्याच्या ध्यानांत येत नाहीं. निराधाराच्या अनुदानास महागाईशीं बांधणारा कोणताहि दोर नाहीं. तिसरी कपात नियमांच्या आडून येते: आधाराची जोडणी नाहीं, हयातीचा दाखला नाहीं, बोटाचा ठसा उमटत नाहीं, म्हणून पैसे थांबले. महारोगानें ज्याचीं बोटें झडलीं त्याला ठसा मागणें, किंवा अंध माणसास पडद्याकडे पाहून डोळे मिचकाव असें यंत्रानें सांगणें, ही क्रूर थट्टाच होय. ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अशाच तक्रारींवर निकाल देतांना, संगणकीय सेवा सर्वांस वापरतां येणें हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असें ठरवलें, तें याचसाठीं.

आतां संशयाकडे वळूं. त्याचें एक मूळ आपल्या डोळ्यांत आहे. अपंग म्हटला कीं कुबडी, काळा चष्मा किंवा चाकांची खुर्ची एवढेंच चित्र मनापुढें येतें. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यांत ते २१ झाले. त्यांत मानसिक आजार आहे, बहिरेपण आहे, आणि विदर्भास फार जवळचा असा सिकलसेल नांवाचा रक्ताचा आजारहि आहे. सिकलसेलचा रोगी एरव्हीं चालता बोलता दिसतो. पण रक्तांतील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या कीं हाडें फुटावीं तशी वेदना उठते व तो दिवसच्या दिवस अंथरुणावर पडतो. कोणता मालक अशा मजुरास कायम ठेवील? रांगेंत मात्र तो नीट उभा दिसतो, आणि पाहणारा म्हणतो, "याला काय धाड भरली आहे?" ज्याचें जळतें त्यालाच कळतें, ही म्हण अशा वेळीं आठवावी.

संशयाचें दुसरें मूळ मात्र खोटें नाहीं. खोटीं प्रमाणपत्रें निघतात. २०२४ सालीं एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यावरून देशभर वादळ उठलें, आणि २०२५ मध्यें महाराष्ट्रांत सरकारी व जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांच्या दाखल्यांची फेरपडताळणी हातीं घेण्यांत आली. ती योग्यच होय. फसवणुकीनें लाभ घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्याच कायद्याच्या ९१ व्या कलमांत सांगितली आहे. परंतु विचार करावा: खोटा दाखला मुख्यतः कोठें कामाला येतो? जेथें मोठी नोकरी, बदलींत सवलत किंवा महाविद्यालयांतील जागा पणास लागलेली असते तेथें. त्यासाठीं पैसा व ओळख लागते. ज्याच्या घरचें वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आंत, त्याच्यापाशीं यांपैकीं काय असणार? गुन्हा माडीवर होतो आणि झडती झोपडीची घेतली जाते. चोर सोडून संन्याशाला सुळीं, तो हाच न्याय.

आंकडे वाचण्यांतहि आपण घाई करतों. २०२५ च्या आरंभीं "लाडकी बहीण" योजनेंतील ५ लाख स्त्रिया अपात्र ठरल्याची वार्ता आली, आणि घरोघर "पहा, किती लुबाडणूक!" असे उद्गार निघाले. पण त्या ५ लाखांचा तपशील काय होता? त्यांत २ लाख ३० हजार स्त्रिया संजय गांधी निराधार योजनेंतील होत्या, आणि १ लाख १० हजार ६५ वर्षांवरील होत्या. एका योजनेचे १,५०० मिळत असतां दुसरीचे घेतां येत नाहींत, हा नियम होता. तो लागू करणें सरकारचा अधिकार होता. परंतु दोन योजनांचे अर्ज भरणारी निराधार विधवा किंवा अपंग स्त्री आणि खोटा दाखला करणारा लबाड यांस "अपात्र" या एकाच शब्दाच्या गोणींत कोंबणें न्यायाचें नाहीं. अपात्र म्हणजे अप्रामाणिक नव्हे.

हा दोष केवळ आपल्याच समाजाचा आहे असें नाहीं. इंग्लंडांत १८३४ च्या दरिद्री-कायद्यानें असें तत्त्व घालून दिलें कीं, साहाय्य घेणाऱ्याची स्थिति सर्वांत हलक्या मजुरापेक्षांहि वाईट असली पाहिजे, म्हणजे कोणी तें मागणार नाहीं. श्रमगृहें उभीं राहिलीं. कायदा पुढें गेला, पण त्याची वृत्ति उरली. २०१३ मध्यें तेथें लोकांचें मत अजमावलें तेव्हां, सरकारी साहाय्याच्या दर १०० पौंडांपैकीं २४ पौंड फसवणुकीनें घेतले जातात असें लोकांस वाटत असल्याचें आढळलें. सरकारी अंदाज होता ७० पेन्सचा, म्हणजे एका पौंडाहूनहि कमी! २०२५ सालीं तेथील सरकारनें अपंगांच्या साहाय्यांत सुमारें ५ अब्ज पौंडांची बचत करण्याचा बेत केला. अपंगत्वामुळें वाढणाऱ्या खर्चासाठीं तेथें एक स्वतंत्र भत्ता आहे. नोकरी असो वा नसो, तो मिळतो. त्याच्याच अटी कडक व्हावयाच्या होत्या. परंतु सत्ताधारी पक्षाच्याच सभासदांनीं बंड केलें आणि १ जुलै रोजीं तो भाग विधेयकांतून मागें घ्यावा लागला. आजारामुळें काम न करूं शकणाऱ्या नव्या अर्जदारांची रक्कम कमी करण्याचें मात्र कायम राहिलें. शिकण्यासारखें एवढेंच कीं, लोकमत जागें असेल तर कपात थांबूं शकते. निद्रिस्त असेल तर ती कायदा होते.

आपल्या सुशिक्षित घरांतील एक अनुभव येथें ताडून पाहावा. मार्च २०२० मध्यें रेल्वेनें ज्येष्ठ नागरिकांची भाड्यांतील सवलत बंद केली. त्या वेळीं, आणि त्यानंतरहि, घरोघर केवढी हळहळ झाली! "आयुष्यभर कर भरला, त्याचें हें फळ का?" असें लोक म्हणाले. ज्येष्ठांस फुकटे असें कोणीं म्हटलें नाहीं. तसेंच, १९६१ च्या आयकर कायद्याच्या ८०-यू कलमानें अपंग करदात्यास ७५,००० रुपयांची, आणि तीव्र अपंगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळत आली. तिला कोणीं भीक म्हटलें नाहीं, आणि म्हणूंहि नये. पण सरकारनें न घेतलेला पैसा आणि सरकारनें दिलेला पैसा, तिजोरीच्या दृष्टीनें दोन्ही सारखेच. मग एकास सवलत आणि दुसऱ्यास खैरात, ही दोन नांवें कां? उत्तर अप्रिय आहे: एक आपल्या घरांत येतें, दुसरें शेजारच्या वस्तींत जातें.

कोणी म्हणतील, अनुदान कशाला, काम द्या. या म्हणण्यामागें विदर्भाची थोर परंपरा उभी आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ सालीं महारोग्यांची सेवा आरंभली. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापून आनंदवन उभें केलें, आणि बोटें झडलेल्या हातांनीं शेती, विणकाम, सुतारकाम होऊं शकतें हें जगास दाखवलें. खुद्द नागपुरांतहि अंध विद्यालय आहे, आणि कमलाताई होस्पेट यांच्या मातृसेवा संघाची मतिमंद मुलांची शाळा आहे. परंतु या संस्थांचा धडा अर्धाच वाचूं नये. आनंदवनानें रोग्यास "काम कर, नाहीं तर उपाशी रहा" असें म्हटलें नाहीं. आधीं औषध दिलें, घास दिला, निवारा दिला, हत्यार त्याच्या हाताजोगें करून दिलें, आणि मग काम दिलें. साहाय्य ही कामाची सवत नव्हे, ती कामाची पहिली पायरी आहे. ज्या शहरांत पदपथावर चाकाची खुर्ची चढत नाहीं तेथें "काम कां करीत नाहीं" हा प्रश्न अपंगास विचारण्यापूर्वीं तो पदपथास विचारावा. आणि कांहीं अपंगत्वें अशीं आहेत कीं त्यांत काम कधींच शक्य नसतें. त्यांचा भार समाजानें उचलावयाचा, म्हणूनच तो समाज.

तिजोरी अथांग नाहीं, हेंहि खरें. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रांत सुमारें २९ लाख ६३ हजार अपंग होते, आणि सर्वांस सर्व कांहीं देणें कोणत्याहि सरकारास कठीण आहे. पण अडचणीच्या वर्षीं शहाणा गृहस्थ काय करतो? दिवाळीचे कपडे आंखडतो, लग्नांतील थाट आंखडतो. आजारी लेंकराचें दूध तो शेवटपर्यंत तोडत नाहीं. राज्याचा संसारहि त्याच न्यायानें चालावा, एवढीच अपेक्षा आहे.

या बाबतींत घरोघर करतां येण्यासारखें पुष्कळ आहे. घरीं कामास येणाऱ्या बाईचा मुलगा बहिरा असेल, तर त्याचें ओळखपत्र काढण्यास घरांतील महाविद्यालयीन मुलानें एक संध्याकाळ द्यावी. शेजारच्या अंध गृहस्थाचा हयातीचा दाखला वेळेवर गेला कीं नाहीं, तें विचारावें. खोटा दाखला ठाऊक असेल तर त्याची लेखी तक्रार करावी, पण पुराव्यावांचून कोणास सोंगाड्या म्हणूं नये. आणि दरवर्षीं हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरांत मोर्चे निघतात, रस्ते अडतात, त्यांत कुबड्यांचा व तीन चाकी सायकलींचाहि एखादा मोर्चा असतो. तेव्हां खोळंबल्याबद्दल कुरकुरण्यापूर्वीं, इतके कष्ट सोसून हे लोक येथवर कां आले, एवढें मनाशीं विचारावें.

पुढच्या महिन्यांत बँकेपुढें तीच रांग पुन्हां दिसेल. पासबुकांत २,५०० चा आंकडा उमटला कीं ती माउली तो दोनदां वाचील, पदरांत बांधील आणि मुलाचा हात धरून ऊन चढण्यापूर्वीं घराकडे वळेल. अपघात, आजार आणि वार्धक्य यांनीं आजवर कोणाचें घर चुकवलेलें नाहीं. आज आपण व्याजाच्या रांगेंत आहों आणि ती त्या रांगेंत आहे, यांत आपलें कर्तृत्व किती आणि नशीब किती, याचा हिशेब ज्यानें त्यानें आपल्याशींच करावा.